समारंभातला आरंभ

मागच्या मे महिन्यात लेकीचा मेसेज आला, एक लिंक आणि खाली ओळ, "आई, शनिवारी माझं कमेन्समेंट, इथले सकाळचे दहा म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसात, आप्पाआजोबांना पण बसव." दोन वर्षं ती अमेरिकेत मास्टर्स करत होती, आणि कमेन्समेंट म्हणजे तिकडचा पदवीदानाचा कार्यक्रम. तिकीट, रजा, व्हिसा यांचं गणित काही जमलं नाही, त्यामुळे आम्ही नाशिकला घरीच टीव्हीला लॅपटॉप जोडून बघणार होतो. आप्पांना सांगायला गेले तर ते पेपर वाचत बसलेले, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "कमेन्समेंट म्हणजे आरंभ. पण तिचं तर शिक्षण संपलं ना?"

आप्पा माझे वडील, वय ८१. ३६ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. एखादा शब्द त्यांना अडला की तो सुटेपर्यंत त्यांना चैन पडत नाही आणि मग घरात कुणालाच पडत नाही, लहानपणी जेवताना ताट बाजूला सारून डिक्शनरी आणायला मीच उठायचे. तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, म्हटलं आप्पा, तिकडे असं मानतात की शिक्षण संपलं की खरं आयुष्य सुरू होतं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही हे मला कळलं. खरं तर मलाही पटलं नव्हतं. कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच शिकले होते मी, आणि आमच्या मॅडम वर्गात आल्या की पुस्तक उघडत म्हणायच्या, "आँ कोमाँस", चला सुरू करूया. तो शब्द इतका साधा होता, खडूची पूड आणि बाकांचा आवाज असलेला, की तोच शब्द गाऊन आणि बॅंडबाजा घेऊन समोर येतो म्हणजे मधे काहीतरी मोठं घडलं असणार.

शनिवारी बघितलं आम्ही. हिरवळीवर मांडलेल्या शेकडो पांढऱ्या खुर्च्या, काळे गाऊन, लेकीच्या गाऊनच्या बाह्या एवढ्या लांब आणि टोकाला शिवून बंद केलेल्या, हात मधूनच बाहेर आलेले. तिचं नाव घेतलं तेव्हा उच्चार थोडा वेगळा झाला पण आप्पांनी टाळ्या वाजवल्या, टीव्हीसमोर, उभं राहून. नंतर ते झोपायला गेले आणि मी लॅपटॉप तिथेच ठेवून शब्द शोधत बसले, आणि त्या रात्रीपासून आजपर्यंत काही मी त्या शब्दातून बाहेर पडले नाहीये.

तर हा शब्द इंग्लंडचा नाही. इंग्रजीचा स्वतःचा घरातला शब्द बिगिन, तो जुन्या जर्मानिक घराण्यातला. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला, आणि पुढची दोन-तीनशे वर्षं इंग्लंडच्या दरबारात, कोर्टात, सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच बोललं गेलं. त्या वाटेनं कोमेन्सिएर हे जुन्या फ्रेंचमधलं क्रियापद इंग्रजीत शिरलं आणि कमेन्स झालं, साधारण १३०० च्या आसपास ते इंग्रजी लिखाणात दिसायला लागतं. फ्रेंचचा पगडा किती होता ते बघा, १३६२ मध्ये इंग्लंडला कायदा करावा लागला की कोर्टातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा कारण लोकांना फ्रेंच कळत नाही, आणि तो कायदासुद्धा फ्रेंचमध्येच लिहिलेला होता.

मग काय झालं, तर दोन्ही शब्द राहिले. बिगिन घरात राहिला आणि कमेन्स कचेरीत. मूल चालायला लागतं, पाऊस पडायला लागतो, तिथे बिगिन. खटला, काम, बैठक, तिथे कमेन्स. फ्रेंचमध्ये मात्र तो कधीच कचेरीत गेला नाही, तिथे आजही पाऊस, सिनेमा, डोकेदुखी सगळं कोमाँसच होतं. बायबलचं पहिलं वाक्य बघा, फ्रेंचमध्ये ते "ओ कोमाँसमाँ" असं उघडतं, इंग्रजीत त्याच जागी बिगिनिंग आहे. देवानं जग निर्माण केलं त्या गोष्टीला इंग्रजांना आपला घरचाच शब्द जवळचा वाटला असणार. मराठी बायबलात तिथे "प्रारंभी" आहे.

आपल्याकडे हे बरोबर उलटं झालंय आणि मला त्याचं फार नवल वाटतं. बहमनी, मग आदिलशाही-निजामशाही, राज्यकर्त्यांची भाषा फारसी, आणि त्या फारसीतून अरबी मुळाचा शुरू आपल्याकडे आला आणि सुरू झाला. पण तो कचेरीत थांबला नाही, थेट चुलीपर्यंत गेला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी सुरू काही हलला नाही. आज आपण पंखा सुरू करतो, शाळा सुरू होते, पोटात दुखायला सुरुवात होते. आणि आपलेच संस्कृतातले आरंभ, प्रारंभ मात्र पत्रिकेवर आणि सरकारी कागदावर. परका शब्द घरचा झाला आणि घरचा शब्द ठेवणीतला. शेवटाचंही तसंच, "अखेर" हासुद्धा अरबीच.

हे सगळं आप्पांना सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. ते म्हणाले, "आणि ओनामा?"

ओनामा मी विसरलेच होते. ॐ नमः सिद्धम् चं मुलांच्या तोंडात झालेलं ओनामासीधं, पूर्वी धूळपाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं की पहिलं हेच. त्याचा ओनामा झाला आणि श्रीगणेशाय नमः चा श्रीगणेशा झाला. म्हणजे मराठीत सुरुवातीचे दोन अगदी आपले, प्रेमाचे शब्द आहेत आणि दोन्ही पाटीवरून आलेत. आप्पा म्हणाले, "मग तुझ्या त्या फ्रेंच शब्दाच्या पोटात काय आहे ते बघ."

बघितलं. कोमेन्सिएरच्या मागे बोलीभाषेतल्या लॅटिनमधलं एक रूप मानतात, कोमिनिटियारे. ते कुठे लिहिलेलं सापडत नाही, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या बहिणींच्या शब्दांवरून अभ्यासकांनी मागे जाऊन बांधलंय, आपण नातवंडांचे चेहरे बघून आजीचा अंदाज करावा तसं. त्यात कोम म्हणजे सोबत किंवा पुरेपूर, आपला सम्. आणि इनिटियारे म्हणजे सुरू करणं, पण रोमन लोक हा शब्द आणखी एका अर्थानं वापरायचे, एखाद्याला गूढ विधींमध्ये, पंथात प्रवेश देणं. म्हणजे दीक्षा! मी खरंच खुर्चीवरून उठले इथे. आपल्या विद्यापीठांत त्याच कार्यक्रमाला दीक्षान्त समारंभ म्हणतात, दीक्षेचा अंत. ज्या शब्दाच्या पोटात दीक्षेची सुरुवात आहे तो अमेरिकेत, आणि दीक्षेचा शेवट सांगणारा आपल्याकडे, आणि दोन्हीकडे तोच गाऊन, तीच पदवी, तेच भाषण.

आणखी खाली गेलं की इनिटियम, सुरुवात. तो बनला इन आणि इरे यांपासून, आत आणि जाणं. आत जाणं म्हणजे सुरुवात. या इरेचं मूळ आपल्या संस्कृतातल्या इ धातूशी एकच आहे, एति म्हणजे जातो, त्याच धातूचं अयन, उत्तरायणातलं, रामायणातलं. आणि इंग्रजीतला एक्झिट, एसटी स्टॅण्डवर आणि थिएटरात लाल दिव्यात लिहिलेला, तोसुद्धा त्याच इरेचा, बाहेर जाणं. म्हणजे कमेन्समेंट आणि एक्झिट ही एकाच क्रियापदाची लेकरं. आप्पांना पडलेला प्रश्न, की संपलं की सुरू झालं, तो शब्दाच्या मुळाशी गेल्यावर असा एकाच दाराचा होतो, आतून बघताय की बाहेरून एवढाच फरक.

पण तरी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर यात नव्हतं. आयुष्याची नवी सुरुवात वगैरे जे मी त्यांना सांगितलं होतं, ते बहुतेक कमेन्समेंटच्या भाषणांत सांगतात, पण नावामागचं खरं कारण ते नाहीच, कारण त्याहून कितीतरी ठोस आहे. मध्ययुगातल्या पॅरिससारख्या विद्यापीठात मास्टर होणं म्हणजे शिकवायचा परवाना मिळणं. सुतारांचा, सोनारांचा जसा संघ तसा हा मास्तरांचा संघ. तुम्ही सगळं शिकलात, तुमची परीक्षा झाली, तरी एवढ्यानं मास्टर होत नव्हतात. एका ठरलेल्या दिवशी बाकीच्या मास्टरांसमोर टोपी घालून, आसनावर बसून तुम्ही तुमचा पहिला पाठ द्यायचा, वादात उत्तरं द्यायची. त्या दिवसाला लॅटिनमध्ये इन्सेप्टिओ म्हणायचे, आरंभ, म्हणजे शिकवण्याचा आरंभ. इंग्लंडात केंब्रिजमध्ये त्याला कमेन्समेंट नाव पडलं. अमुक माणूस मास्टर "कमेन्स" झाला असं बोलायचे तेव्हा. ओकॅमचा विल्यम म्हणून १४ व्या शतकातला एवढा मोठा तत्त्वज्ञ, त्याला आजही आदरणीय आरंभक अशा अर्थाच्या लॅटिन बिरुदानं ओळखतात, आणि त्याची नेहमी दिली जाणारी फोड अशी की त्याची तयारी सगळी झाली होती पण मास्टरचं आसन काही त्याला मिळालं नाही.

केंब्रिजमधून शिकलेले लोक अमेरिकेत गेले, त्यांनी १६३६ मध्ये हार्वर्ड काढलं आणि १६४२ मध्ये तिथे पहिलं कमेन्समेंट झालं, ९ विद्यार्थ्यांचं. नाव तेच राहिलं. आसनावर बसून पहिला पाठ देणं मात्र गेलं, आणि शब्द पोरका झाला, मग त्याला आयुष्याची सुरुवात वगैरे अर्थ चिकटवावा लागला.

हे वाचताना मला सारखी आनंदीबाई जोशींची आठवण येत होती. ११ मार्च १८८६, फिलाडेल्फियातलं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, आणि स्टेजवर जाऊन एमडीची पदवी घेणारी कल्याणची, अजून २१ वर्षं पूर्ण न झालेली मुलगी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, आणि त्या दुःखातून डॉक्टर व्हायचं ठरवलं. ज्या कार्यक्रमात पदवी मिळाली त्याचं नाव कमेन्समेंटच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डची जबाबदारी तिची वाट बघत होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. कमेन्समेंटला वर्ष व्हायला १३ दिवस कमी होते. शाळेत हा धडा वाचला तेव्हा मला तिचं मरण लक्षात राहिलं, आता आई म्हणून वाचताना तो मार्चचा दिवस जास्त लागतो, की त्या दिवशी ती किती खूष असेल, आणि त्या शब्दावर तिचा किती विश्वास बसला असेल.

त्या कार्यक्रमाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. आल्या आणि राहिल्या, जवळजवळ तीन वर्षं अमेरिकाभर व्याख्यानं दिली, पैसे उभे केले, आणि मुंबईला येऊन विधवांसाठी, मुलींसाठी शारदा सदन काढलं. कधी, तर ११ मार्च १८८९ ला. आनंदीबाईंच्या कमेन्समेंटनंतर बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला. रमाबाईंनी ती मुद्दाम निवडली का हे मी सांगू शकत नाही, पण दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्यावर मी बराच वेळ कागदाकडे बघत होते. सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये एक होत्या गोदूबाई, बालविधवा, ज्यांनी पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि ज्यांचं नाव ठेवलं गेलं आनंदी. ज्या आनंदीबाईला आपली प्रॅक्टिस सुरू करता आली नाही तिच्या समारंभाला आलेली बाई परत येऊन शाळा सुरू करते. मास्टरांच्या संघातल्या जुन्या अर्थानं बघितलं, की कमेन्समेंट म्हणजे शिकवायला लागणं, तर त्या दिवशी त्या हॉलमध्ये आणखी एकीचं कमेन्समेंट झालं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक जागा सांगते, ती आप्पांनी दाखवली. त्यांच्या कपाटात राज्यघटनेची जुनी प्रत आहे, इंग्रजी. त्यांनी ती थेट शेवटाकडे उघडली. कलम ३९४, नाव कमेन्समेंट. नागरिकत्व, राष्ट्रपतींची शपथ, निवडणुका वगैरे मोजकी कलमं लगेच, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ ला लागू, आणि बाकीची सगळी २६ जानेवारी १९५० ला, आणि तो दिवस म्हणजे या संविधानाचं कमेन्समेंट, मराठीत प्रारंभ. एवढा मोठा ग्रंथ आणि त्याचा प्रारंभ सांगणारं कलम अगदी शेवटी. त्याच्या पुढचं ३९५ हे जुने कायदे रद्द करणारं, १९३५ चा गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्ट वगैरे. सुरू झालं आणि संपलं, शेजारी शेजारी. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर स्वतः १९१३ मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले होते, १९१५ मध्ये तिथून एमए झाले. आप्पा म्हणाले, "लहानपणी ज्या माणसाला वर्गात गोणपाटावर वेगळं बसवलं, त्यानं या देशाचा प्रारंभ लिहिला." आणि पुस्तक मिटून दोन्ही हातांनी परत कपाटात ठेवलं.

मी विचारलं, आप्पा तुमचा पदवीदान समारंभ कसा झाला होता. कधी बोललेच नव्हते ते त्याबद्दल, फोटोही नाही घरात. म्हणाले, "गेलोच नाही. पदवी पोस्टानं आली. १९६६ ला जूनमध्ये मी दिंडोरी तालुक्यात शाळेवर लागलो होतो, समारंभ होता त्या दिवशी शाळा होती." मग त्यांना आठवायला लागलं, दोन वर्ग एकाच खोलीत, मधे कापडाचा पडदा, गळणारा कोपरा, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर इंग्रजी ए काढताना खडू मोडला ते. मी म्हटलं, आप्पा, पॅरिसच्या मास्टरांच्या हिशोबानं खरं कमेन्समेंट तुमचंच झालं हो, पहिला पाठ. ते लाजले. माझे वडील लाजलेले मी फार कमी वेळा बघितलेत.

तेवढ्यात ते एकदम म्हणाले, "अगं, समारंभ." मी म्हटलं काय. म्हणाले, "फोड कर ना. सम् अधिक आरंभ."

आणि मला पुढचं काही बोलताच येईना. कोम म्हणजे सम्, इनिटियम म्हणजे आरंभ. कमेन्समेंटचा शब्दाला शब्द मराठी म्हणजे समारंभ, आणि तो आपण आयुष्यभर बोलतोय, पत्रिकेवर छापतोय. संस्कृतात समारंभ म्हणजे एखादं काम हाती घेणं, सुरू करणं, कारण आ-रभ् या धातूचा अर्थच मुळी पकडणं, हातात घेणं. मराठीत येता येता सुरुवात मागे पडली आणि मांडव, खुर्च्या, हारतुरे, नारळ, पाहुण्यांची भाषणं राहिली. इंग्रजीतल्या शब्दाचंही अगदी तसंच झालं, सुरुवात विरली आणि गाऊन राहिला. एकमेकींची गाठभेट नसलेल्या दोन भाषा एकाच वाटेनं चालत गेल्या. आणि मी पंधरा दिवस लॅटिन-फ्रेंचमध्ये शोधत होते ते आप्पांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता दाखवलं.

रात्री लेकीला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. तिच्या मागे खोक्यांचा ढीग होता, खोली सोडायची होती तिला, नोकरी दुसऱ्या गावात. ऐकून घेतलं सगळं आणि मग म्हणाली, "मग आई, निरोप समारंभ कसं म्हणतो आपण? निरोपाचा आरंभ?"

आप्पा शेजारीच होते. काही न बोलता उठले आणि आतल्या खोलीतून एक फोटो घेऊन आले, २००२ चा, निवृत्तीचा. शाळेचा हॉल, टेबलावर शाल आणि नारळ, गळ्यात हार घातलेले आप्पा, मागे फळा. फळ्यावर रंगीत खडूनं वेलबुट्टी आणि मधे मोठ्या अक्षरांत निरोप समारंभ. फोटो त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. लेक म्हणाली, "अक्षर कसलं सुंदर आहे, कुणी लिहिलं?" आप्पा म्हणाले, "मीच. शाळेतला फळा मीच लिहायचो. त्या दिवशी सकाळी लवकर गेलो आणि लिहून ठेवला."